सहा महिन्यांनी पुन्हा बघू

३ फेब्रुवारी, सोमवार

सोनोग्राफीचं नवं मशीन आलं आज. कंपनीचा माणूस ते चालवून दाखवायला आला होता, आणि त्यासाठी त्याला एक मान हवी होती. सोनोवाली पोरगी माझ्या खोलीत डोकावली — "ताई, पाच मिनिटं मान देता का?" अकरापर्यंत मला पेशंट नव्हता. गेले.

गारढोण जेल. कंपनीचा माणूस पाठ केल्यासारखा बोलत होता, चित्र किती स्वच्छ, कडा किती स्पष्ट. सोनोवाली हसत होती. मग हसायची थांबली. तो मात्र बोलतच होता, "ही बघा, एवढीशी गाठसुद्धा किती छान दिसते."

छान!

जेल पुसायला कागद देताना सोनोवालीने माझ्याकडे बघितलं नाही. "थायरॉइडवर बारीकशी आहे, ताई. आठ मिलिमीटर. पुष्कळांना असते." शब्द धीराचे होते, आवाज नव्हता. सव्वीस वर्षं लोकांचे कान तपासतेय, एवढं मला कळतं.

अकराला परत खोलीत. एका आजोबांना हेडफोन लावले, हातात बटण दिलं. "आवाज आला की दाबायचं." नेहमीसारखंच म्हटलं.

४ फेब्रुवारी

आरशात मान बघितली. काही दिसत नाही. गिळताना लागत नाही. परवापर्यंत ती माझ्यापुरती नव्हतीच.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

ग्रंथींच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. आमच्याच हॉस्पिटलात, दुसऱ्या मजल्यावर. इतकी वर्षं जिन्यात नुसतं हसतो एकमेकींना, आज पहिल्यांदा समोर बसले. रक्ताचा रिपोर्ट व्यवस्थित. चित्रं त्यांनी पुन्हा पुन्हा बघितली.

"एक सेंटिमीटरच्या आत आहे. कडा गुळगुळीत. आजूबाजूला काही नाही. लगेच सुई टाकून आतलं तपासायची गरज मला तरी वाटत नाही."

मी विचारलं, आत वाईट काही असलं तर?

त्यांनी पेन खाली ठेवलं. हे मला आवडलं. "असू शकतं. शक्यता कमी आहे. असलंच तरी एवढ्या आकाराचं बहुतेक वेळा फार सावकाश चालतं. सहा महिन्यांनी पुन्हा बघू. वाढली तर तेव्हा सुई टाकू. आत्ता टाकली, तर एवढ्याशा गाठीतून कधी कधी धड हो नाही की नाही नाही, असं उत्तर येतं. मग पुन्हा सुई." आणि मग, "पण हे तुम्हाला झेपलं पाहिजे. काहींना वाट बघणंच सोसत नाही. तेही चूक नाही. घरी बोला, मग ठरवू. थांबायचं ठरलं, तर आम्ही लक्ष ठेवू तुमच्यावर."

लक्ष ठेवू तुमच्यावर. हे गेले त्याला सहा वर्षं झाली. तेव्हापासून असं कुणी म्हटलेलं नाही. उगीचच डोळे भरून आले. बाईंना वाटलं मी घाबरले. पाण्याचा पेला पुढे केला.

घरी बोला म्हणाल्या. घरी आले, दिवे लावले, भात टाकला, रेडिओ लावला.

९ फेब्रुवारी, रविवार

मुलाचा फोन. रविवारी येतो — आमची संध्याकाळ, त्याची सकाळ. अकरा मिनिटं. हवा, माझा गुडघा, त्याचं ऑफिस, जेवलीस का. सांगणार होते. कुठे घुसवावं तेच कळेना. तेवढ्यात तो "चल मग" म्हणाला.

१२ फेब्रुवारी

लिफ्टमध्ये सर्जन भेटले. इथे कुणाच्या पोटात काही राहत नाही. "अहो, सुई टाकून मोकळ्या व्हा की. दहा मिनिटांचं काम. डोक्याला ताप कशाला?" दोन मजल्यांत निकाल लावून तिसऱ्यावर उतरले. पाचव्यापर्यंत मी एकटी.

मोकळी तर मी आहेच.

१६ फेब्रुवारी, रविवार

सांगितलं. "हॅलो" नंतर लगेच सांगून टाकलं, नाहीतर पुन्हा राहिलं असतं.

प्रश्नांची सरबत्ती. किती मोठी, कुठल्या बाजूला, कोण म्हणालं, दुसरं मत घेतलं का. "आई, बायोप्सी करून टाक. वाट कसली बघायची? घरात साप आहे की दोरी, ते दिवा लावून बघायचं ना?" मी म्हटलं, डॉक्टरीणबाई म्हणतात घाई नाही. "त्यांचं काय जातं म्हणायला!"

त्रेपन्न मिनिटं बोलत होता. फोन ठेवला तेव्हा कान तापला होता.

१७ फेब्रुवारी

सोमवारी फोन! "काय ठरवलंस?"

१८ फेब्रुवारी

आज पुन्हा. त्याने कुठे कुठे वाचलेलं सगळं मला सांगितलं. वाचून वाचून तोच गोंधळलाय. आता म्हणतो थांबायलाही हरकत नसावी, पण केलेलं बरं. मग अचानक विचारलं, "तू संध्याकाळी करतेस काय गं?" काय सांगणार. म्हटलं, कपडे घडी करते.

२० फेब्रुवारी

परत तेच आजोबा, मुलगी बरोबर. आवाज सोडलेला नसताना बटण दाबतात. मी थांबते, हेडफोनमध्ये काहीच नसतं, आणि त्यांचं बोट दाबलेलं. पूर्वी अशांना मी दटावायचे. आज म्हटलं, "आजोबा, सावकाश. आला नाही तर नाही आला." ते म्हणाले, "आला असं वाटतं हो."

२२ फेब्रुवारी, शनिवार

मोठ्या जाऊबाईंकडे जाऊन आले. त्यांचं चार वर्षांपूर्वी असंच झालं होतं. दोनदा सुई टाकली, दोन्हीदा उत्तर "सांगता येत नाही". शेवटी अर्धी ग्रंथी काढली, तर आत काहीच वाईट नव्हतं. आता रोज सकाळी उपाशीपोटी गोळी, जन्मभर.

मला वाटलं म्हणतील, तू नको त्या फंदात पडू. तर म्हणाल्या, "मला केल्याचा पश्चात्ताप नाही. वाट बघणं माझ्याच्यानं झालं नसतं. रोज मान चाचपून वेडी झाले असते. पण तुझं वेगळं आहे, तू खमकी आहेस."

बोलत असताना त्यांची सून आली, गोळ्यांची डबी भरून ठेवून गेली. नातू मांडीवर येऊन बसला आणि गळ्यावरच्या वणावरून बोट फिरवत राहिला, सवयीनं.

खमकी. एकट्या बाईला लोक खमकी म्हणतात.

२६ फेब्रुवारी

हे लिहायला लाज वाटते, पण इथे नाही तर कुठे लिहिणार.

डॉक्टरीणबाईंनी आज जिन्यात विचारलं, "ठरलं का?" मी म्हटलं, मुलाशी बोलतेय अजून. खरं तर त्यांच्यासमोर बसले त्याच दिवशी माझं ठरलं होतं. थांबायचं. मला ते पटलंय, झेपतंयही. मग सांगत का नाही? कारण ठरलं नाही तोवर रोज साडेसहाला फोन येतो. दहा दिवस झाले. काल तर गाठीचा विषय पाच मिनिटांत संपला, आणि पुढची वीस मिनिटं तो त्याच्या वरच्या साहेबाची नक्कल करत होता. मी हसून हसून खाली बसले.

आठ मिलिमीटरच्या जिवावर चाललंय हे.

३ मार्च, सोमवार

सांगितलं दोघांना. बाईंनी ऑगस्टची तारीख घ्यायला सांगितली. मुलगा जरा चिडला, मग म्हणाला, "बरं. गळा तुझा आहे. तारीख मीच इथून ऑनलाइन घेऊन टाकतो, तू विसरशील." त्याच्या आवाजातला ताण उतरलेला ऐकू आला. बरं वाटलं आणि वाईटही.

९ मार्च, रविवार

नऊ मिनिटं.

१२ एप्रिल

आठवड्याला एक, कधी तोही नाही. "कामात होतो गं." असेलच. माझी तक्रार नाही. साडेसहाला मी आपली फोनपासून लांब बसते, गच्चीत वगैरे. मग आत येऊन बघते.

१७ जून, मंगळवार

दुपारी डबा खाताना घास अडकल्यासारखं झालं. पाणी प्यायले, गेला. वाढली असेल तर? हात मानेवर गेला तो निघेचना. तपासणीच्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. तिथे बाहेरचं काही ऐकू येत नाही, बाहेर आतलं ऐकू येत नाही. नंबर लावणार होते मुलाला. तिकडे रात्र, तो झोपेत असणार. नाही लावला.

सोनोवाली शोधत आली. "काय झालं, ताई?" सांगितलं. म्हणाली, "चला, आत्ता बघते. कुणाला सांगायचं कारण नाही." मी नको म्हटलं. एकदा असं बघायला लागले तर दर आठवड्याला तिच्या दाराशी जाईन. ती तशीच पेशंटच्या खुर्चीत बसून राहिली थोडा वेळ. चांगली आहे पोरगी.

१० ऑगस्ट, रविवार

"आई, पुढच्या सोमवारी ना?" त्याच्या लक्षात होतं.

१३ ऑगस्ट

काल आणि आज, दोन्ही दिवस फोन. "टेन्शन घेऊ नकोस," म्हणतो. स्वतःच घेतलंय.

१८ ऑगस्ट, सोमवार

झालं. सोनोवालीने या वेळी आधीपासून तोंडावर काही दिसू द्यायचं नाही असं ठरवलेलं होतं, पण मोजून झाल्यावर तिचा श्वास सुटला तो ऐकला मी. आठ मिलिमीटर. कडा तशाच. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "उत्तम. आता वर्षाने भेटू."

जिना उतरताना पाय हलके पडत होते. खोटं कशाला लिहू, फार घाबरले होते मी.

साडेसहाला फोन. "काय म्हणाले?" तोंडातून निघून गेलं, "रिपोर्ट यायचाय अजून."

का म्हटलं असं मी?

१९ ऑगस्ट

"आला का?" — "नाही रे." पंचवीस मिनिटं. त्याला डब्यासाठी डाळ शिजवायची होती, मी इथून सांगत होते, तो तिकडे ढवळत होता. करपवली.

२० ऑगस्ट

"आला का?" — "त्यांची माणसं सुट्टीवर आहेत." ही थाप सुचली तरी कुठून! चाळीस मिनिटं. यांच्याबद्दल बोललो. सहा वर्षांत पहिल्यांदा.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

आजही तेच. पोर तिकडे जीव टांगणीला लावून बसलंय आणि मी इथे मजेत गप्पा मारतेय. आई आहे की कोण मी? जेवण गेलं नाही. दवाखान्यात सगळ्यांशी चिडून बोलले. रविवारी सांगायचं. मग तो रागावू दे, नाहीतर वर्षभर फोन न करू दे.

२४ ऑगस्ट, रविवार

त्याने विचारायच्या आत सांगितलं. रिपोर्ट सोमवारीच आला, गाठ तेवढीच आहे, मी खोटं बोलले.

तो म्हणाला, "माहितीये, आई. तारीख मी घेतली होती ना, माझ्या मेलवरून, रिपोर्ट मलाही येतो. सोमवारीच बघितला, तुला फोन करायच्या आधी."

"मग रोज विचारत का होतास?"

"तू रोज नाही म्हणत होतीस ना. आणि इथे तरी मला कोण विचारतंय, आई."

उद्या करतो म्हणाला. कशासाठी, ते मी विचारलं नाही.