माहेरचा डाग

सिल्वासा,
४ मार्च १९९१

चि. धनश्रीस,
अ. उ. आ.

तुझी भाची वर्षाची होत आली आणि अजून बिननावाची आहे. शेजारच्या गुजराती बायका तिला ढिंगली, म्हणजे बाहुली म्हणतात. रेशनकार्डावर तेच चढेल की काय, अशी मला धास्ती! कारण तुला ठाऊकच आहे: आईंच्या अंगावरचे ते चहाच्या रंगाचे डाग. तुझ्या दादांना ते आहेत, तुला आहेत, आमच्या ओंकारला आहेत. हिची कातडी मात्र कोरी. आई म्हणतात, मुलांना आडनाव बापाचं मिळतं, पण डाग माझ्या माहेरचा; आमच्याकडे तो दिसल्याशिवाय बारसं करत नाहीत. रोज कोवळ्या उन्हात पोरीला उघडी करून शोधत बसतात. तुझे दादा शाळेत एवढे गरजतात, आईपुढे मात्र मुके.

मला पोरीचं हे परकेपण सोसत नाही गं. तू मुंबईत जीवशास्त्र शिकतेस, तर सांग, हा डाग येतो तरी कुठून?

लोभ आहे तसाच ठेव आणि उत्तराचा आळस करू नकोस.

तुझी,
लीलावहिनी

मुंबई,
१९ मार्च १९९१

ती. सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

तुझ्या प्रश्नाने मला वेड लावलं. आमच्या मॅडमना हातावरचे डाग दाखवले, तर त्यांनी मला थेट डॉक्टरांकडेच नेलं. वहिनी, हे लेणं नाही, आजार आहे. पेशी वाढतात, दुभंगतात. त्यांना वेळेवर आवरणारं एक जनुक असतं. दूध वर आलं की गॅस बारीक करणारा हातच म्हण ना. आपल्या घरात तो हात अधू आहे. म्हणून हे डाग, म्हणून आईच्या पाठीवरच्या त्या मऊ गाठी. गंमत म्हणजे हे जनुक शास्त्रज्ञांना गेल्याच वर्षी सापडलं!

मुलात हे अधू जनुक उतरण्याची शक्यता दर वेळी निम्मी. डाग बहुधा वर्षभरात दिसतातच, तेव्हा छकुली सुटली असावी. घाबरू नका, बहुतेकांचं आयुष्य सुखाने जातं. पण क्वचित डोळ्यामागे गाठ होते, म्हणून ओंकारचे डोळे दरवर्षी तपासायला हवेत. आईला विचार, दत्तात्रयमामाची लहानपणी दृष्टी गेली, त्यालाही डाग होते का?

भाचीचे पापे घे. माया पातळ होऊ देऊ नये, ही विनंती.

तुझी,
धनश्री

सिल्वासा,
८ एप्रिल १९९१

चि. धनश्रीस,
अ. उ. आ.

पत्र आईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, दत्तूला सगळ्यांत जास्त डाग होते, म्हणून तो माझ्या आईचा सगळ्यांत लाडका होता. आणि रडल्या. हे मीच पोरांना दिलं का, असं विचारत राहिल्या. मी म्हटलं, आई, तुम्ही कुठे निवडून दिलंत? मलाही रडू आवरेना.

दुसऱ्या दिवशी त्या स्वतः ओंकारला घेऊन वापीला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेल्या. डोळे आज तरी ठीक आहेत.

परवा त्यांनीच पाळणा पुसायला काढला. म्हणाल्या, पोरीला माझ्या माहेरचं काहीतरी द्यायचंच आहे, तर दुर्गा नाव ठेवा. लग्नाआधी त्यांचं नाव दुर्गा होतं, तुला ठाऊक होतं? तुझ्या दादांना नव्हतं. सासरी नाव बदललं, त्यानंतर त्यांना त्या नावाने कुणी हाक मारलेली नाही.

कानात सांगायला आत्या हवी. सुट्टी काढून ये. तुझ्या मायेची वाट पाहणारी,

लीलावहिनी