पाचवी कमान

मी, रामगोंडा नेमगोंडा मगदूम, वय ७६, रेल्वेचा निवृत्त बुकिंग क्लार्क, राहणार सांगली, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्याही दबावाशिवाय लिहीत आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. त्यात थकव्याचा उल्लेख नाही, पण मी थकलो आहे.

१. राहते घर आणि बँकेतील ठेव पत्नी राजमतीला, तिच्या पश्चात मुलगी कीर्तीला. जेवणाचे टेबलही राजमतीला परत. चार वर्षे त्यावर माझे पुठ्ठ्याचे स्टेशन आहे. "आवं, जेवायचं कुठं? तुमच्या फलाटावर?" असे विचारून ती ताटे खाली मांडते.

२. कटिंग मशीन कीर्तीला. रुखवताच्या ऑर्डरी घ्यायला तिने ते आणले आणि कंटाळून मला दिले. कॉम्प्युटरवर रेघ काढली की ते पुठ्ठा तसाच कापते. जाड पुठ्ठा दोनदा कापावा. खालची चिकट मॅट साबणाने धुवावी, नाहीतर पुठ्ठा सरकतो. माझ्या पहिल्या तिकीटखिडकीतून मान वाकडी केल्याशिवाय कुणाला तिकीट मिळाले नसते.

३. नॅरोगेजवरचे माझ्या नोकरीचे स्टेशन पाडले, म्हणून मी त्याचे मॉडेल करायला घेतले. मीटरला एक सेंटिमीटर. त्याच फलाटावर माझा धाकटा भाऊ सन्मती चहा विकायचा. नातवाच्या बारशाला आला तेव्हा मॉडेल बघून म्हणाला, "आण्णा, कमानी पाच हुत्या. पाचवीखाली माझी किटली असायची." मी चारच केल्या होत्या. पाहुण्यांसमोर बोललो, "च्या इकणाऱ्याला टेसनातलं काय कळतंय रं?" तो न जेवता गेला. तीन वर्षे झाली, बोलणे नाही.

छप्पर रेल्वेच्या नकाशातल्या लांबीप्रमाणे चौदा सेंटिमीटर कापले, पण आठवणीवरून केलेली कमानींची भिंत दर वेळी पावणेतीन सेंटिमीटर तोकडी पडायची. मी मशीनला शिव्या घातल्या, पाते बदलले. गेल्या महिन्यात माझ्या निरोपसमारंभाचा फलाटावर काढलेला फोटो सापडला. कमानी पाच आहेत. पाचवीखाली किटली आहे. मी चुकलो, आणि जे बोललो त्याची मला लाज वाटते.

४. मॉडेल सन्मतीला द्यावे. पाचवी कमान कापून पाकिटात ठेवली आहे. ती त्याने चिकटवावी.

हे वाचून वकिलांनी विचारले, सन्मती तुमच्याआधी गेला तर? राजमती म्हणाली, "मेल्यावर कशाला? सकाळची गाडी हाय की."

५. कलम ४ रद्द. मॉडेल मांडीवर घेऊन मी स्वतः रहिमतपूरला सन्मतीकडे आलो आहे. ज्याला मृत्युपत्राने काही मिळते त्याने साक्ष करू नये, असे वकील म्हणाले होते. सन्मतीला आता यातून काही मिळत नाही, तेव्हा त्याची साक्ष चालेल.

ठिकाण : सन्मतीचे घर, रहिमतपूर
दिनांक : ३ फेब्रुवारी २०२५
सही : रामगोंडा नेमगोंडा मगदूम

साक्षीदार :
१. जयराज कोंडीबा माने, सन्मतीचे शेजारी
२. सन्मती नेमगोंडा मगदूम. कमानी पाचच हुत्या. पाचवी आत्ता चिकटवली. आण्णाला च्या दिला, मग सही केली.