आमटीत गेलेला कोळ

३ फेब्रुवारी
डब्याच्या दोन्ही बाजू उभ्या राहिल्या. आगगाडीचा जुना पहिल्या वर्गाचा डबा, छोटं मॉडेल, पितळी किट, खिडक्या नखाएवढ्या. सांध्यांना सोल्डरचा डाख छान बसला. नंतर डबा चिंचेच्या कोळात बुडवून ठेवला, पितळ लखलखलं. कोळ अजून एकदा चालेल म्हणून वाडगा ओट्यावरच...

४ फेब्रु.
आमटी फक्कड झालेली. सूनबाईला सातवा लागल्यापासून आंबट हवंच. "अजून घे गं प्राजक्ता, दोन जिवांची आहेस." मीच आग्रह केला. जेवून डब्याचं छत जोडायला बसलो तर वाडगा धुऊन पालथा. रखमाबाईंना विचारलं, स्वयंपाक त्याच करतात.
"त्यो कोळ व्हय? आमटीत घातला की. चांगली चिंच वाया कशापायी घालवायची?"
डाखात शिसं असतं. तेच कोळात उतरलं असणार. बाईंना काय बोलणार! त्यांना कुठे ठाऊक?

५ फेब्रु.
एवढ्याशा कोळात कितीसं उतरलं असेल? मोबाइलवर वाचलं. आंबटात जास्त उतरतं म्हणे, आणि पोटातल्या बाळाला... पुढे वाचवेना. मीही खाल्ली, पण माझं काय, पिकलं पान.
निलेशला सांगावं? पोरगा आधी बाईंनाच कामावरून काढेल. चूक माझी, बोलणी त्यांना.
संध्याकाळी प्राजक्ता टेबलाशी आली. "बाबा, याला रंग कुठला देणार?" तिच्याकडे बघवेना. अजून ठरलं नाही म्हणालो.

६ फेब्रु.
डबा खोक्यात टाकला. आज सांगणार होतो. ती चहा घेऊन आली आणि मी आमच्या भुकूम गावातल्या पाणीकपातीवर बोलत बसलो. भित्रा आहे मी, दुसरं काय.

७ फेब्रु.
सांगितलं. निलेश आंघोळीला गेला तेव्हा, एका दमात. वाटलं, ओरडेल. ती खुर्चीत बसली, पोटावर हात.
"बाबा, कालपासून बाळाचं हलणं कमी वाटतंय. तुम्ही घाबराल म्हणून बोलले नाही."
निलेशने ओल्या डोक्यानेच गाडी काढली. वाटेत भुगावला ट्रॅफिक. मधेच तिने विचारलं, "तुम्हाला काही त्रास नाही ना होत?" मला रडू आलं.
दवाखान्यात बाहेर बसून लिहितोय, बिलाच्या पाठीवर. तिला आत घेतलंय. बाळाचे ठोके ऐकतायत बहुतेक. निलेश दाराला कान लावून उभा आहे. मी विचारलं, काही ऐकू येतंय का. त्याने हातानेच गप्प राहा म्हटलं.