अडचणींचा रकाना

२१ जुलै
आजपासून लाइन तीनची सुपरवायझर. हाताखाली चौदा माणसं. बारा बायका, वासू आणि पुंडलिककाका. काका सुर्ल्यात आमच्यापासून तिसऱ्या घरात. खाणी होत्या तोवर खनिजाचा ट्रक चालवायचे, आता इथे डिचोलीला औषधांच्या खोक्यांवर, ठेकेदाराकडून. लग्नात मला पार्श्याहून सुर्ल्याला आणलं ते त्यांनीच, कुणाची तरी जीप मागून. आज सगळ्यांसमोर "मॅडम" म्हणाले. मला हसू आलं. त्यांना नाही.

२४ जुलै
ट्रेनिंग. पुण्याचे सर. माणसं सांभाळणं शिकता येतं, म्हणाले. टिपून घेतलं: कौतुक चारचौघांत, चूक एकट्यात. "का केलंत" नको, "काय झालं" विचारा. विचारल्यावर गप्प बसा, समोरचा बोलेपर्यंत. हे सगळ्यात कठीण म्हणे. मी सासरी तेरा वर्षं तेच करतेय.

३० जुलै
खोक्यावरची तारीख एक, आतल्या गोळ्यांच्या पाकिटावरची दुसरी. माल बाहेर जायच्या आधी सापडला, नशीब. तपासणीच्या चिठ्ठीवर काकांची सही. या महिन्यात दुसऱ्यांदा. प्रॉडक्शन मॅनेजरनी केबिनमध्ये बोलावून सुनावलं. "गावचा माणूस म्हणून सांभाळून घेऊ नका."
नाही घेणार, म्हटलं. दुसरं काय म्हणणार.

१ ऑगस्ट
कॅन्टीनमागच्या खोलीत काकांशी बोलले. आधी नेहमीचंच. चूक झाली, परत होणार नाही. मी "काय झालं?" विचारलं आणि गप्प बसले. बराच वेळ. जनेलातून बाहेर बघत होते. मग हळूच,
"माका आकडे दिसनत नाय गो बाय. उजव्या डोळ्यात सगळां धूसर. बाजूक बसता ती वनिता वाचून सांगता, मी सही करतंय."
वर्षभर हेच चाललंय. घरी काकूलाही माहीत नाही.
"डोंगरावरसून ट्रक उतरवलो मी. धुळीतसून दिसायचां."
उठताना म्हणाले, कोणाक सांगू नको. मी मान हलवली. हो म्हणून की ऐकलं म्हणून, माझं मलाच माहीत नाही.
सरांनी सांगितलेलं खरं निघालं. गप्प बसलं की माणूस बोलतो.

४ ऑगस्ट
काकांना तपासणीवरून काढून खोक्यांना टेप लावायला दिलं. वनिताला समज दिली, एकटीला.
एच. आर.चा फॉर्म भरायचा राहिलाय. प्रत्येक माणसाचा एक. चौथा रकाना 'अडचणी'. आज ट्रेनिंगचा दुसरा दिवस होता, नाव न घेता सरांना विचारलं. "लिहा. लिहिलंच नाही तर मदत कुठून मिळणार?"
औषध आहे. कुठेतरी कुणीतरी तारीख उलटलेली गोळी घेणार. टेप लावण्यावर किती दिवस भागवणार.
लिहिलं. 'उजव्या डोळ्याने नीट दिसत नाही. कृपया दुसरे काम द्यावे.'

११ ऑगस्ट
काकांना कंपनीच्या डॉक्टरकडे पाठवलं. परत आले, टेप लावत बसले. माझ्याकडे बघितलं नाही.

१३ ऑगस्ट
गेटवर काकांचा पास चालला नाही. बसमधून आम्ही बरोबर उतरलो. मी आत, ते बाहेर. डबा हातात.
एच. आर.च्या बाईंकडे गेले. "तुम्हीच लिहिलंय. आम्ही फक्त पुढे पाठवलं."
"दुसरं काम द्यावं, असंही लिहिलंय."
"ते ठेकेदाराने बघायचं. पुंडलिक त्याचा माणूस, आमचा नाही."
दुपारी प्रॉडक्शन मॅनेजर लाइनवर आले. छान हाताळलंत म्हणाले. चारचौघांत.

१४ ऑगस्ट
रमेशला सगळं सांगितलं. नवरा असला तरी काका त्याच्या गावचे, रागावेल वाटलं होतं. ताट बाजूला सारून बसला. "लिहिलंस ते चुकलं नाही. पण आधी काकांना सांगायला हवं होतंस, मी हे लिहिणार म्हणून."
एवढं साधं. दोन दिवसांच्या ट्रेनिंगमध्ये कुणी बोललं नाही, आणि मला सुचलं नाही.

२८ ऑगस्ट
काल चवथ. आमच्याकडे गणपतीच्या आरतीला घुमट काकाच वाजवतात. येणार नाहीत असं धरून चालले होते. आले. नेहमीसारखं वाजवलं, पोरांना ताल दाखवला. जेवायला बसले. मी खीर वाढायला गेले तर पानावर हात धरला. "पुरे, मॅडम."
सासूबाईंनी चमकून बघितलं. स्वयंपाकघरात जाऊन उगीच भांडी घासत बसले.

२ सप्टेंबर
बाकीच्या तेरा जणांशी एकेक करून बोलून झालं. काय अडचण? नाही मॅडम. घरी सगळं ठीक? ठीक. वनिताच्या हातावर भाजल्याचा डाग आहे, तिलाही काही अडचण नाही. मी गप्प बसून बघितलं. तीही गप्प बसली.
तेरा फॉर्म, चौथा रकाना कोरा. मॅनेजर खूश. तुमच्या लाइनला प्रॉब्लेमच नाहीत म्हणाले.
काकांसाठी ठेकेदाराकडे अर्ज लिहिलाय. माल पॅलेटवर रचायचं काम आहे, तिथे आकडे वाचावे लागत नाहीत. अजून दिला नाही.

७ सप्टेंबर
रविवार. काकांकडे गेले. म्हापशाच्या डॉक्टरने काचबिंदू सांगितलाय. गेलेली नजर येणार नाही, उरलीय ती थेंब घालून राखायची. काकूने चहा दिला आणि आत गेली.
म्हटलं, लिहायच्या आधी तुम्हाला सांगायला हवं होतं.
त्यांनी कप खाली ठेवला. मग,
"त्या दिवशी माका इचारलंस ती कोण गो? आमची शुभदा, की कंपनी?"
"दोघी," मी म्हटलं. खोटं कशाला बोलू.
"मगे दोघींतल्या एकीन तरी माका सांगूक व्हया होता."
पर्समधला अर्ज काढून त्यांना वाचून दाखवला. परत वाच म्हणाले. दुसऱ्यांदा 'दया करून' पाशी आले तेव्हा हात वर केला. "तां काढ." मी खोडलं. बाकी रवांदे म्हणाले.
उद्या नवीन कागदावर उतरवून देणार आहे. ठेकेदार हो म्हणेल असं वाटत नाही. वासू म्हणतो, काकांच्या जागी नवा माणूस उद्यापासून येतोय.