माझ्या नावाची चिठ्ठी

वसई, मंगळवार, १० नोव्हेंबर २००९

थकले आज. पुस्तकांच्या त्या दुकानाच्या बाकी शाखा गेल्याच होत्या, आता आपली वसईचीही महिनाअखेर बंद. दुकानातल्या सावंतांनी गल्ल्यामागून पुस्तक काढलं. आत नेहमीसारखी माझ्या नावाची चिठ्ठी.

"ताई, शेवटची प्रत. तिघांनी मागितली, दिली नाही."

तेच पुस्तक लेकीने गेल्या आठवड्यात इंटरनेटवरून मागवून दिलंय. सांगावं का? शाळेत सिस्टरनी खोटं न बोलायला शिकवलं होतं. तरी म्हटलं, "किती वाट पाहिली याची!" आणि घेतलं.

"यापुढे कुठून घेणार?" त्यांनी विचारलं.

"बघू."

घरी येऊन चिठ्ठी त्या इंटरनेटच्या प्रतीत ठेवून पाहिली. मग काढून घेतली.