लाल मुखवटा अन् माह्ये गेलेले चार दिवस

मेडशी, दसऱ्यानंतरचा सोमवार

चि. सौ. योगिनीस, तुह्या ताईचा आशीर्वाद. तुह्या सासूबाईंची साखर आटोक्यात असन, जावईबापूंची पाठ बरी असन, अन् अकोल्यात नळाले पाणी येऊन राह्यलं असन, असं धरून चालते. इकडं आमी सारे बरे आहोत. (सारे म्हणजे बाकीचे सारे. माह्यं पुढं येतेच.) फोन सोडून ताई पत्र काहून लिहून राह्यली, असं तुले वाटलं असन. आमच्या घरात फोन आला की ऋषिकेश तो स्पीकरवर टाकते, अन् मंग त्याची आजी, त्याचा बाप, त्याची बायको, अन् तुरीची दाळ निवडायले आलेली रामीबाईसुद्धा कान देऊन बसतात. तवा दहावीनंतर पयल्यांदा एवढं लांबलचक लिहून राह्यली आहे, अक्षराले हसू नको.

साखरपुड्यात तू माह्या गालावरून हात फिरवला अन् म्हणाली, ताई, कातडं किती सुकलं तुह्यं, पाळी गेल्यावर असं होते, आमच्या क्लिनिकात बायका त्यासाठी लाल लाइट घेतात. खरं आहे तुह्यं. अंगाले खाज सुटते, हाताचं कातडं कांद्याच्या पापुद्र्यावानी झालं, अन् मधीच अशी आग उठते की तव्यावरची पोळी सोडून दारात उभं राहा लागते. पण बाई, कातड्याचं दुःख माह्यं दुसऱ्या नंबरचं. पाळीसंग माह्ये चार दिवस गेले, ते पयलं.

तुह्या घरी हे पाळत नाहीत, म्हणून सांगते. आमच्याकडं पाळी आली की बाईनं मागच्या खोलीत, सोयाबीनच्या पोत्यांपाशी बसाचं. चूल नाही, देव नाही, पाणी भरणं नाही. लग्न झालं त्या महिन्यात मी तिथं बसून रडली होती, माणसाले असं दूर लोटतात म्हणून. मंग हळूहळू समजलं, या घरात बाईले पाठ टेकाची परवानगी तेवढीच. अपमान तवाही होता, आजही मी त्याले अपमानच म्हणीन, पण त्या अपमानात झोप लागे. आता माह्या सासूबाईंनी साऱ्या गल्लीत सांगून टाकलं, आमच्या उज्ज्वलाले आता अडचण नाही. झालं. गावात कोणाच्याही घरी देवाधर्माचा स्वयंपाक असो, बोलावणं मले. यंदा महालक्ष्म्यांत घरचं पुरण झालं की शेजारचं, शेजारचं झालं की पाटलांकडचं. अन् आमची निकिता! सून शिकलेली, लग्नाआधी म्हणे मी असलं काही मानत नाही. आता चारही दिवस इतक्या भक्तीनं पाळते, की सासूबाई दुसऱ्यांच्या सुनांले तिचं उदाहरण देतात. मोबाइल घेऊन पोत्याले टेकून बसते. तिच्या वाटचं काम कोण करते, ते तुले लिहाची गरज नाही.

अशात तू पाठवलेला तो लाल लाइटचा मुखवटा येऊन पोचला. मी दुपारी मागच्या खोलीत गेली, दार लोटलं, तोंडावर पट्टा आवळला अन् बटण दाबलं. इतक्यात सासूबाई टोपलं घ्यायले आल्या. अंधारात त्यांले दिसलं एक लाल पेटलेलं तोंड. त्यांले वाटलं, महालक्ष्मी अंगात आली. धपकन खाली बसल्या, पदर पसरला, अन् माय, माह्यं काही चुकलं का, असं मले विचारू लागल्या. (एवढ्या वर्षांत हा सवाल पयल्यांदाच आला, अन् तोही चुकीच्या पत्त्यावर.) मले बोलायले पुष्कळ होतं. लई वर्षांचं होतं. पण मी बावळट, घाबरून म्हणाली, आई, मी आहे, उज्ज्वला. त्यांनी पदर झटकला, उठल्या अन् म्हणाल्या, मंग चहा ठेव.

तरी मी एक हुशारी केली. घरात सांगून टाकलं, लाइट चालू असताना मधी उठलं तर तोंडावर जन्माचे डाग पडतात. तू हे काही सांगितलं नव्हतं, मीच रचलं. तेवढा वेळ कोणी हाक मारेना. डोळे मिटलेले, दार लोटलेलं, बाहेर मळणीयंत्राची घरघर. मी गुडूप झोपत होती. असं आठवडाभर सुख चाललं. मंग तुह्या भाऊजींनी विचारलं, या वयात कोणाले दाखवाचं आहे तोंड? अन् असं विचारून मुखवटा स्वतःच्या गुडघ्याले दुपट्ट्यानं बांधला. त्यांले फरक पडला म्हणे. झालं, दुसऱ्या दिवशी सासूबाईंची कंबर, मंग शेजारच्या गोजराबाईचा खांदा, मंग अर्धी गल्ली. माह्या तोंडासाठी आलेली मशीन आता ओसरीवर गुडघ्यागुडघ्यानं फिरून राह्यली आहे, अन् गुडघा शेकून होईपर्यंत बसलेल्यांले चहा लागते. चहा मी करते. मले अडचण नाही ना.

बाकी सोयाबीन निघालं, तूर चांगली आहे. लेकरांले गोड पापा. तुह्यी ताई, उज्ज्वला.

ता. क. मुखवट्यानं चेहऱ्यात फरक पडला का, असं तू विचारलं होतं. मी आरशात पाह्यलं नाही. इथं दुसऱ्या कोणीही पाह्यलं नाही.

ता. क. २. खरं काम हे आहे. रविवारी दुपारी सारे ओसरीवर असतात, तवा फोन कर. स्पीकरवर टाकतीलच. जरा जाड आवाजात सांग, की या वयात घरच्या मशीननं भागत नाही, क्लिनिकातलाच लाइट घ्या लागते, दर महिन्याले चार दिवस, अकोल्याले राहून, नाही तर हातावर पांढरे चट्टे येतात. असल्या हातचा नैवेद्य चालत नाही, हे तू म्हणू नको. ते सासूबाई आपल्या आपण म्हणतील.

ता. क. ३. मी आली की मले क्लिनिकात नेऊ नको. लाइट दाखवू नको, तोंडाले काही फासू नको, कशी आहेस म्हणून विचारूही नको. एक खोली दे. जेवण दाराशी ठेवून जा, मी घेईन.