सळई गालाला लावा

बाबा,

काल कोठारातलं धान्य तापलं म्हणून मी तुम्हाला नाही नाही ते बोलले. आत खुपसलेली सळई थंड लागली, हे तुम्ही खरंच सांगत होता. आज चहाचं उकळतं पातेलं तुम्ही नुसत्या हातांनी उतरवलंत आणि हूं की चूं केलं नाहीत, तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

डॉक्टरांकडे नंबर लावायला चालले आहे. "मला काय धाड भरलीय" म्हणाल, पण यायचंच.

धान्यात हवा सोडणारा पंखा बंद ठेवलाय. धुकं विरून हवा कोरडी झाली की लावा, नाहीतर धान्य ओल धरेल. दुपारी सळई पुन्हा बघा, पण हाताने नको, गालाला लावा. परवा माझ्या छकुलीचा ताप तुम्हीच आधी ओळखलात, तिच्या गालाला गाल लावून.